हिरड्या बघणारा साहेब

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पणजोबा १०३ व्या मराठा पलटणीत होते, कुतच्या वेढ्यात सापडले, तुर्कांच्या कैदेतून जिवंत घरी आले आणि आजोबांना एवढंच सांगायचे की आमचा साहेब माणसं मेली तरी रडला नाही, रोज सकाळी येऊन नुसत्या आमच्या हिरड्या बघायचा. आणि तुम्ही विचारताय की डोळ्यांसमोर माणसं आजारानं जात असताना अधिकारी इतका कोरडा कसा राहू शकतो, आणि त्याच्या आत नेमकं काय चाललेलं असतं.

मी इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी उंचावरच्या पोस्टवर, आणि माझ्या हाताखालची माणसं गोळीनंही गेली आणि आजारानंही गेली. त्यामुळं तो साहेब मला कोरडा वाटत नाही, उलट त्या पलटणीला चांगला साहेब मिळाला होता असंच मी म्हणेन. का ते जरा लांबलचक सांगावं लागेल.

आधी कुतचं. कुत म्हणजे आजच्या इराकमधलं नदीकाठचं गाव, पहिल्या महायुद्धात तिथं तुर्कांनी ब्रिटिशांच्या भारतीय फौजेला कोंडलं. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला त्या फौजेच्या सेनापतीनं, जनरल टाउनशेंडनं, शरणागती पत्करली. आत सहावी पूना डिव्हिजन, तिच्यात तीन मराठा पलटणी, १०३, ११० आणि ११७. (तुमच्या पणजोबांची १०३ वी म्हणजे आजची जंगी पलटण.) सुरुवातीला लढाई होती, जानेवारीत खंदकांत पुराचं पाणी शिरलं, थंडी होती, पण फेब्रुवारीपासून खरा शत्रू बदलला. भाजी नाही, ताजं काही नाही, नुसतं पीठ आणि तेही दिवसेंदिवस कमी. शरीराला क जीवनसत्त्व मिळालं नाही की दोन-तीन महिन्यांत स्कर्व्ही सुरू होतो, आणि तो पहिल्यांदा दिसतो तो तोंडात. हिरड्या सुजतात, जांभळ्या पडतात, रक्त येतं, दात हलायला लागतात. मग पाय सुजतात, अंगावर काळेनिळे डाग येतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जखमा भरत नाहीत, जुनी भरलेली जखमसुद्धा उघडू शकते. म्हणजे ज्याला गोळी चाटून गेलीय आणि एरवी महिन्याभरात उभा राहिला असता तो माणूस उठतच नाही.

आता यातली गोष्ट बघा, गोऱ्या सैनिकांना स्कर्व्ही फारसा झाला नाही कारण ते घोड्याचं मांस खात होते, पण त्यांना बेरीबेरी (ब-१ जीवनसत्त्व कमी पडल्यानं होणारा आजार) झाला कारण त्यांचा पाव मैद्याचा होता. आपल्या लोकांना बेरीबेरी झाला नाही कारण आटा कोंड्यासकट होता, पण स्कर्व्ही झाला कारण घोडा खायला ते तयार नव्हते. गोऱ्यांचा मैदा संपला आणि त्यांनाही सातू-आट्याची भाकरी खावी लागली तेव्हा त्यांचा बेरीबेरी मागे हटला. एकाच गावात, एकाच वेढ्यात, दोन वेगळे आजार, आणि दोन्ही ताटातून आलेले. जीवनसत्त्व क तेव्हा कोणी वेगळं काढून दाखवलेलं नव्हतं, पण ताजं मांस किंवा हिरवा पाला पोटात गेला तर हा रोग थांबतो एवढं डॉक्टरांना पक्कं माहीत होतं.

घोड्याचं मांस नाकारण्यावरून आज लोक सहज बोलतात की अडाणीपणा होता. मला ते पटत नाही. भारतातल्या धर्मगुरूंकडून वायरलेसवर परवानगी मागवली गेली, ती आली, तरी बरेच जण खाईनात. कारण परवानगी धर्माची आली होती, गावाची नाही. परत गेल्यावर भावकी पंगतीला बसवणार का, मुलीला स्थळ मिळणार का, हा हिशोब त्या शिपायाच्या डोक्यात होता आणि तो त्याच्या दृष्टीनं अगदी खरा होता. एप्रिलमध्ये वरून जोर आला तेव्हा बरेच जण खायला लागले, तोवर अंगातली ताकद गेलेली होती.

अशा वेळी कंपनीच्या साहेबाच्या हातात काय उरतं? भाजी आणणं त्याच्या हातात नाही. वेढा फोडायला खालून आलेली फौज शेख साद, हन्ना, दुजैला, सन्नैयत इथं एकामागून एक लढतेय आणि त्यात तेवीस हजारांच्या आसपास मेलेले-जखमी झालेत, तेही त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात एवढंच आहे की सकाळी फिरायचं, एकेकाला तोंड उघडायला लावायचं, कोणाच्या हिरड्या काल गुलाबी होत्या आणि आज सुजल्यात ते लक्षात ठेवायचं, त्याला रात्रीच्या पहाऱ्यातून काढायचं, नदीकाठचा रानपाला उकडून आधी त्याला मिळेल असं बघायचं, आणि सुभेदाराला बाजूला घेऊन सांगायचं की हा पोरगा तुमच्या शब्दाबाहेर नाही, तुम्ही त्याच्यासमोर घोडा खा. तुमच्या पणजोबांना दिसलं ते तोंड बघणं, त्याच्या मागचं हे सगळं त्यांना दिसलं असेलच असं नाही, आणि शिपायाला ते दिसायचीही गरज नसते.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

पाकिस्तानशी झालेल्या २००३ च्या शस्त्रसंधीच्या आधीचा काळ, पोस्ट पंधरा हजार फुटांच्या बरीच वर, अधूनमधून तोफेचा मारा चालूच. वर चढताना शरीराला हळूहळू सवय करून द्यायचं वेळापत्रक सैन्यात ठरलेलं आहे, नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, मग बारा ते पंधरावर चार, त्याच्या वर पुन्हा चार, आणि ते आम्ही काटेकोर पाळायचो. हा धडाही माणसं गमावूनच मिळालाय. १९६२ च्या युद्धात घाईघाईनं मैदानातून वर नेलेली कितीतरी पोरं फुफ्फुसात पाणी होऊन गेली, आणि नंतर आपल्याच लष्करी डॉक्टरांनी एकोणीसशेच्या वर जवानांचा अभ्यास करून १९६९ मध्ये जे प्रसिद्ध केलं ते जगभर वाचलं गेलं. तर सुट्टीवरून आलेला एक पोरगा, बावीस वर्षांचा, सगळे टप्पे नीट पूर्ण करून वर आला. चौथ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास मी बंकरमध्ये डोकावलो तेव्हा तो खोकत होता, कोरडा खोकला. मी विचारलं, ठीक आहेस ना? तो म्हणाला, ठीक आहे साहेब, जरा घसा धरलाय. आणि मी पुढे गेलो.

रात्री दीडला त्याच्या बडीनं, म्हणजे नेमून दिलेल्या जोडीदारानं, मला उठवलं. बसल्या जागी धाप, ओठ निळे, खोकल्यातून गुलाबी फेस. आरएमओ, म्हणजे पलटणीचा डॉक्टर, खालच्या पोस्टवर, वायरलेस सेटवर त्याचं ऐकत ऑक्सिजन लावला, नर्सिंग असिस्टंटनं इंजेक्शनं दिली, हवा खराब होती म्हणून हेलिकॉप्टर येणार नव्हतं, मग स्ट्रेचरवर खाली न्यायला काढला कारण या आजारावर उंची कमी करणं हाच खरा इलाज. वाटेत पहाटे तो गेला.

उजाडलं तेव्हा मी बर्फात तसाच उभा होतो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आमचे कंपनी हवालदार मेजर मगमध्ये चहा घेऊन आले आणि म्हणाले, साहेब, पोरं तुमच्या तोंडाकडं बघतायत, चहा घ्या आणि राउंड मारा. बस एवढंच. मी राउंड मारला. एकेका माणसाला बाहेर काढून दहा पावलं चढायला लावलं आणि त्याचा श्वास मोजला, सगळ्यांचा. त्या दिवशी मला त्या पोरांमधला कोणीही निर्दयी म्हणू शकला असता कारण मित्राचं प्रेत अजून खाली पोचलेलं नव्हतं आणि साहेब घड्याळ लावून श्वास मोजत होता. पण त्या मोजणीत अजून एक सापडला, त्यालाही खोकला होता आणि त्यानंही सांगितलं नव्हतं, त्याला त्याच सकाळी उतरवला. तो आज त्याच्या गावी शेती करतो.

त्या दिवसानंतर मी कुणालाही "ठीक आहेस ना" असं विचारलं नाही. त्या प्रश्नाला सैनिकाकडं एकच उत्तर असतं. मी त्याच्या बडीला विचारायचो, रात्री झोपला का हा, जेवला किती, लघवीला किती वेळा उठला. माणूस स्वतःबद्दल लपवतो, दुसऱ्याबद्दल लपवत नाही.

आजार हा डॉक्टरचा विषय आहे असं बाहेरच्या लोकांना वाटतं आणि खरं सांगायचं तर बऱ्याच तरुण अधिकाऱ्यांनाही वाटतं. ब्रह्मदेशात दुसऱ्या महायुद्धात जनरल स्लिम यांनी चौदाव्या सैन्याची सूत्रं घेतली तेव्हा परिस्थिती अशी होती की १९४३ मध्ये जखमी होऊन मागे गेलेल्या एका माणसामागे एकशेवीस माणसं आजारी पडून मागे जात होती, मुख्य म्हणजे मलेरियानं. मेपाक्रिनच्या गोळ्या होत्या, पण त्यानं कातडी पिवळी पडायची आणि मर्दानगी जाते अशी अफवा पसरली होती, म्हणून पोरं गोळी तोंडात धरून बाहेर थुंकायची. स्लिमनी अचानक रक्ततपासण्या लावल्या, ज्या पलटणीत गोळी घेणारे पंच्याण्णव टक्क्यांच्या खाली निघाले तिच्या कमांडिंग ऑफिसरला काढून टाकलं, असे तीन जण गेले, आणि मग बाकीच्यांना अर्थ समजला. शिवाय मलेरियाचा पेशंट शेकडो मैल मागे भारतात पाठवण्याऐवजी आघाडीच्या मागे थोड्या अंतरावरच बरा करायची सोय केली. १९४५ पर्यंत आजाराचं प्रमाण दिवसाला हजारी एकावर आलं होतं. डॉक्टर चांगले होतेच, पण गोळी माणसाच्या पोटात गेली की नाही, संध्याकाळी बाह्या खाली केल्या की नाही, हे बघणारा डॉक्टर नव्हता, कंपनीचा अधिकारी होता. त्या अर्थानं मी म्हणतो की आजारानं माणूस गेला तर अधिकाऱ्याला ते जास्त लागतं. गोळीचं खापर शत्रूवर फोडता येतं. आजारात रात्री झोपताना स्वतःशीच बोलावं लागतं.

हातातल्या कामाबाहेरचं एक काम अजून असतं आणि ते सगळ्यात अवघड, वर जाऊन बोलणं. कुतच्या वेढ्याच्या थोडं आधी, बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईनंतर १९१५ च्या नोव्हेंबरअखेर जखमी सैनिक स्प्रिंग नसलेल्या बैलगाड्या-खच्चरगाड्यांतून नदीपर्यंत आणले आणि तिथून बोटींवर दाटीवाटीनं कोंबून बसऱ्याच्या बंदराला पाठवले, दिवसेंदिवस मलमपट्टी नाही, स्वतःच्या घाणीत पडलेले. बसऱ्याला मेजर कार्टर नावाचा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर होता, त्यानं त्यातली एक बोट लागताना बघितली आणि जे बघितलं ते जसंच्या तसं लिहून दिलं. वरिष्ठांनी त्याला अटकेची धमकी दिली. त्यानं कागद मागे घेतला नाही, पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि लंडनमध्ये भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. मी जेव्हा जेव्हा तरुण अधिकाऱ्यांशी बोललो तेव्हा त्यांना कार्टरबद्दल सांगितलं, कारण माणसं मरत असताना आपली वरवरची शांतता कधी धैर्य असते आणि कधी नुसती नोकरी सांभाळणं असतं हे स्वतःला विचारावंच लागतं.

माणूस गेल्यानंतरच्या कामांबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून थोडं. सैन्यात गेलेल्याच्या सामानासाठी कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंट बसते. अधिकारी आणि एक-दोन जण मिळून त्याची ट्रंक उघडतात, प्रत्येक वस्तूची यादी होते, सरकारी एकीकडे, खासगी दुसरीकडे. अर्धवट लिहिलेलं पत्र, साबण, देवाचा फोटो, बहिणीसाठी घेतलेलं घड्याळ. मी ते काम दुसऱ्याला कधी दिलं नाही. आणि घरच्यांना जाईल ते अशा बेतानं बघायचं की नियमही मोडू नये आणि आईच्या हातात रक्ताचा शर्ट पडू नये, तो धुऊन जातो.

मग पत्र. सरकारी तार, फोन वगैरे वेगळं, मी म्हणतोय ते स्वतःच्या हातानं लिहिलेलं. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मी लिहिलं होतं की त्याला काहीच त्रास झाला नाही. सुभेदार साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, साहेब, याच्या गावचे आपल्या पलटणीत तिघं आहेत, दिवाळीला सुट्टीवर जातील, आई त्यांना विचारेल. ते खरं होतं. कागद फाडला आणि परत लिहिलं, की रात्री दम लागला, आम्ही सगळे त्याच्याजवळ होतो, त्याचा जोडीदार त्याचा हात धरून चालत होता, त्यानं पाणी मागितलं आणि ते त्याला दिलं. एवढंच खरं होतं आणि एवढंच पुरलं. नंतर त्या माउलीनं मला सांगितलं की पाणी मिळालं हे वाचून ती पहिल्यांदा झोपली.

तर मुख्य प्रश्न, अधिकारी स्वतः कसं सहन करतो. त्या वेळी करतच नाही. पुढं ढकलतो. शंभर माणसं अजून जिवंत आहेत आणि त्यांना जेवण, पहारा, मोजे, बातमी, शिव्या सगळं वेळेवर लागतं, त्या कामांच्या भिंतीला टेकून तो उभा असतो. दुःख मोजे तपासतं, दुःख हिरड्या बघतं. मला हे तेव्हा कळत नव्हतं, मला वाटायचं माझ्यातलं काहीतरी मेलंय.

पण पुढं ढकललेलं येतंच. मला खाली आल्यावर सहा महिन्यांनी आलं. ट्रान्झिट कॅम्पात रात्री शेजारच्या खोलीत कोणीतरी खोकला आणि मी अनवाणी बाहेर पळालो, घामानं भिजलेला, त्या अनोळखी माणसाचा दरवाजा वाजवत होतो. मग असं वरचेवर व्हायला लागलं. दारू वाढली, घरात बायकोशी बोलणं कमी झालं. मानसोपचाराच्या डॉक्टरकडं गेलो पण फार उशिरा गेलो, आणि ते मी लपवत नाही कारण जे आज नोकरीत आहेत त्यांनी तरी लवकर जावं.

सगळ्यात जास्त कशानं फरक पडला सांगू? आमचा तेव्हाचा आरएमओ एकदा घरी आला आणि त्यानं ती रात्र माझ्यासोबत तासातासानं लिहून काढली. सातला काय दिसत होतं, नऊला कोण जागं होतं, दीडला काय करता येत होतं, हवेनं काय शक्यच नव्हतं. माझ्या डोक्यात सगळा गुन्हा माझाच होता, त्याला वर आणण्यापासून हेलिकॉप्टर न येण्यापर्यंत. लिहून काढल्यावर एकच जागा उरली, संध्याकाळी सात. तिथं मी थांबून त्याला उभं करायला हवं होतं, दहा पावलं चालवायला हवं होतं. आरएमओनं ते नाकारलं नाही, "तुझी काही चूक नव्हती" असं तो म्हणाला नाही, आणि म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास बसला. ती एक जागा माझी आहे, ती मी ठेवली. बाकीचं खाली ठेवता आलं.

तुमच्या पणजोबांच्या साहेबाला ही संधी मिळाली असेल का, शंका आहे. कारण शरणागतीनंतर तुर्कांनी अधिकारी आणि शिपाई वेगळे केले. आत तेरा हजारांच्या आसपास माणसं होती. कुतजवळच्या शुमरानच्या कॅम्पात उपाशी पोटी तुर्की सैन्याची कडक बिस्किटं खाऊन कितीतरी जण पहिल्या काही दिवसांतच गेले. अधिकाऱ्यांना बोटीनं बगदादला नेलं आणि शिपाई उन्हात वाळवंटातून चालत निघाले, पुढं रास अल-ऐनच्या रेल्वेच्या कामावर. टाउनशेंड स्वतः कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर आरामात राहिला, ते त्याच्या नावाला कायमचं चिकटलं आणि चिकटायलाच हवं. पण ज्या कंपनी अधिकाऱ्यानं पाच महिने रोज त्या हिरड्या बघितल्या त्याला बोटीवर चढवलं आणि काठावर त्याची माणसं रांगेत बसलेली दिसत होती, सुजलेल्या पायांची, आणि उद्या सकाळी त्यांची तोंडं बघणारं कोणी नसणार होतं. माझ्या सगळ्या नोकरीत मी असा क्षण भोगला नाही. मी निदान स्ट्रेचरच्या बाजूनं चालत तरी होतो.

आणखी एक, तुम्ही शेवटी विचारलंय की पणजोबांच्या मेलेल्या सोबत्यांची नावं कुठं मिळतील. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर माणसांची नोंद आहे, पण भारतीय शिपायांची नावं भिंतीवर कोरलेली नाहीत, पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा आहे, नावं वेगळ्या नोंदवहीत ठेवली गेली. ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडं शोधता येतात, पलटणीचा नंबर घालून बघा. सोबत आजोबांनाही विचारा की पणजोबा कुणाकुणाचं नाव घ्यायचे, आडनाव नसलं, गाव नसलं, नुसतं "आमचा ढोलकीवाला गणू" एवढंच असलं तरी लिहून घ्या. आजोबा आहेत तोवर लिहून घ्या.